ध्येयवेडे दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे एका विद्वान शास्त्र्यांच्या घरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय, प्लेगमध्ये प्रथम पत्नी व अपत्य यांचा वियोग, पुरातत्त्व खात्यातील नोकरी आणि मग छपाईचा कारखाना. चाळिशीपर्यंत त्यांचे आयुष्य असे वाटा बदलीत राहिले.

१९११ च्या सुमारास मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट त्यांच्या पाहण्यात आला आणि आपले राम-कृष्णही पडद्यावर अवतरावेत, या ध्यासाने त्यांना घेरले. अहोरात्र अभ्यासाने त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली. तरीही विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली त्यांनी लंडन गाठले व यंत्रसामग्रीची व्यवस्था करून ते परतले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतील एका रोपट्याची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून दाखविली.

पैसा अपुरा पडू लागला, तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. चरित्रकथांतून या माऊलीचा उल्लेख बहुधा दागिन्यांपाशीच संपतो. हे न्याय्य नव्हे. कच्च्या फिल्मच्या कडांना अंधारात छिद्रे पाडण्याचे किचकट काम त्यांनी शिकून घेतले. चित्रीकरणाच्या वेळी प्रकाश हवा तसा पडावा म्हणून त्या भर उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत. शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडेच असे. त्या काळी घरंदाज स्त्रीने नाटकाच्या वाऱ्यालाही उभे राहू नये, असा दंडक होता, हे येथे विसरता येत नाही.

चित्रपटात काम करण्यास स्त्रिया मिळेनात, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदासाच्या भूमिकेत फाळक्यांचा मुलगा भालचंद्र उभा राहिला. सत्यासाठी राज्य, पत्नी आणि पुत्र यांवर पाणी सोडणाऱ्या राजाची कथा चित्रित होत होती, आणि ती चित्रित करणाऱ्याने स्वतःचा संसार पणाला लावला होता. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' प्रेक्षकांपुढे आला.

पुढे 'लंकादहन', 'कालिया मर्दन' यांनी अमाप लोकप्रियता मिळविली. १९१८ साली हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. परंतु भागीदारांशी मतभेद झाल्याने ते काही काळ काशीस जाऊन राहिले. बोलपटांच्या युगात त्यांचा मूकपटांचा हात मागे पडला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.