बर्थानं काढला बिघाड

देगलूरहून उदगीरकडे निघालं की बालाघाटाचा चढ लागतो. सपाटीवर सुरळीत धावणारी गाडी इथंच नेमकी रडायला लागते. आपण पाय दाबतो, इंजिन आवाज करतं, पण गाडी काही पिकअप घेत नाही. अशा वेळी आपल्यापैकी बहुतेकजणी काय करतात? नवऱ्याला नाहीतर मिस्तरीला फोन. पण मैत्रिणींनो, जगातला पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास एका बाईनं केला, आणि वाटेतले बरेचसे बिघाडही तिनंच निस्तरले. तिचं नाव बर्था बेंझ.

बर्था रिंगर जर्मनीतल्या फोर्झहाइम गावी ३ मे १८४९ रोजी जन्मली. घर सुखवस्तू होतं, वडील बांधकामातले. पण पुन्हा मुलगीच झाली, ही खंत तिथंही होतीच! यंत्रांची ओढ असलेल्या बर्थाची गाठ कार्ल बेंझशी पडली. त्याच्याकडे कल्पना भरपूर, पैसा मात्र नाही. १८७१ मध्ये त्याचा कारखाना भागीदारापायी बुडायला आला, तेव्हा बर्थानं लग्नाआधीच आपल्या हुंड्याची रक्कम काढून त्यात घातली. १८७२ मध्ये लग्न झालं. त्या काळच्या कायद्यानं लग्नानंतर बाईच्या पैशावर नवऱ्याचा ताबा येई. म्हणून २९ जानेवारी १८८६ रोजी मोटारीचं पेटंट नोंदवलं गेलं ते एकट्या कार्लच्या नावावर. पैसा तिचा, कष्ट दोघांचे, नाव एकाचं!

गाडी तयार झाली, पण घ्यायला कुणी धजेना. कार्ल स्वभावानं भिडस्त, सारखा सुधारणाच करत बसे. मग ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे बर्थानं पंधरा वर्षांचा ऑइगेन आणि तेरा वर्षांचा रिशार्ड या मुलांना बरोबर घेतलं आणि नवऱ्याला न सांगता गाडी काढली. मानहाइम ते माहेर, म्हणजे फोर्झहाइम, शंभर किलोमीटरहून थोडं जास्त अंतर. देगलूरहून नांदेड गाठून आणखी वीसेक किलोमीटर पुढं जावं, तेवढं. रस्ते बैलगाडीच्या लायकीचे, आणि पेट्रोलपंप नावाची गोष्टच नव्हती.

इंधन संपत आलं तेव्हा तिनं वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. हे कपड्यांचे डाग काढायला वापरायचं द्रावण. मग गाडी अडली. इंधनाच्या नळीत कचरा होता. बर्थानं टोपीची लांब पिन काढली आणि नळी साफ केली. पुढं ठिणगीची तार उघडी पडली, तिला पायमोज्याचा पट्टा गुंडाळला. साखळीचं काम लोहाराकडून करून घेतलं. लाकडी ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढावर मात्र गाडीची ताकदच पुरेना, पोरांना ढकलावं लागलं. हा बिघाड नव्हता, गाडीची रचनाच तोकडी होती, हे तिनं ओळखलं. परतल्यावर तिनं चढासाठी आणखी एक गिअर हवा असं सांगितलं, आणि कार्लनं तो बसवला.

गंमत अशी, की आजच्या गाडीलाही हाच क्रम लावता येतो. पिन खुपसायची नाही हं, पण विचार तोच! इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, तर क्लचप्लेट घसरत असण्याची शक्यता मोठी. इंजिनच दम धरत नसेल, तर इंधनाचा फिल्टर तुंबलाय का, पंप नीट आहे का ते बघायला सांगावं. आपल्याकडे उन्हाळ्यातली धूळ म्हणजे काय विचारता! एअर फिल्टर लवकर भरतो, आणि डिझेलची गाडी काळा धूर सोडू लागते. पेट्रोलची गाडी झटके देत असेल, तर प्लग किंवा कॉइल तपासायला हवी. थोडं चालवून थांबल्यावर एकच चाक जास्त तापलेलं जाणवलं, तर ब्रेक धरून बसलाय. हात जवळ न्यावा, लावू नये. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल, तर गॅरेजमध्ये मशीन लावून कोड वाचून घ्यावा. एवढं निरीक्षण सांगणाऱ्या बाईला, ताई तुम्हाला नाही कळायचं, असं म्हणणं मिस्तरीला जड जातं. नको ते पार्ट बदलण्याचा खर्चही वाचतो.

बर्थाला दीर्घायुष्य लाभलं. पाच मुलं वाढवली, कारखान्याचे चढउतार पाहिले. १९२९ मध्ये कार्ल गेला. तो जिथं शिकला होता त्या कार्लस्रूहच्या तंत्रशिक्षण संस्थेनं १९४४ मध्ये, बर्थाच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी, तिला सन्माननीय सिनेटर केलं. दोनच दिवसांनी, ५ मे रोजी, लाडेनबुर्गच्या घरी तिनं डोळे मिटले. तिच्या वाटेला स्मृतिमार्ग म्हणून मान्यता मिळाली ती २००८ मध्ये, म्हणजे प्रवासाला १२० वर्षं झाल्यावर.

कागदावर नाव नसलं म्हणून तिचं अडलं नाही. कारखान्यात गाडी घडताना ती शेजारी उभी राहून बघत होती, म्हणून वाटेत कुठं हात घालायचा ते तिला ठाऊक होतं. पुढच्या सर्व्हिसिंगला किल्ली देऊन घरी परतू नका. बॉनेट उघडेपर्यंत थांबा, आणि हे काय, ते काय, असं विचारत राहा.