मोबाईलमधली स्प्रिंग आणि रॉबर्ट हूक

आमच्या वडनेर भोलजीत कापूस वेचणी सुरू झाली की शेताच्या धुऱ्यावर स्प्रिंगचा काटा टांगला जातो. वेचणीची मजुरी किलोवर ठरते. शाळेत असताना मी तिथे बसून वजनं वहीत लिहायचो. गाठोडं अडकवण्याआधी आजी दरवेळी रिकामा काटा बघायची. सुई शून्याच्या पुढे असेल तर मालक जास्त पैसे देणार, मागे असेल तर वेचणाऱ्या बाईची मजुरी बुडणार. त्या सुईमागचा नियम शोधणारा माणूस म्हणजे रॉबर्ट हूक.

प्रयोग करणारा माणूस

हूकचा जन्म 1635 मध्ये इंग्लंडजवळच्या आयल ऑफ वाइट बेटावर झाला. तो तेरा वर्षांचा असताना वडील वारले. लंडनमध्ये शाळा, मग ऑक्सफर्ड. तिथे तो रॉबर्ट बॉइलचा मदतनीस झाला आणि त्याच्यासाठी हवेचा पंप बनवला. 1662 मध्ये रॉयल सोसायटीने त्याला प्रयोग करून दाखवण्याच्या कामावर नेमलं. काम सोपं नव्हतं. सभासद जमले की दरवेळी काहीतरी नवीन दाखवायचं! 1665 मध्ये त्याचं 'मायक्रोग्राफिया' पुस्तक आलं. बुचाच्या पातळ कापात सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या कप्प्यांना त्याने 'सेल' म्हटलं. आपण पेशीला इंग्रजीत आजही तेच म्हणतो. 1666 च्या आगीत लंडन जळालं, तेव्हा शहराची मोजणी करणाऱ्यांतही तो होता.

सतराव्या शतकातला हॅश

1675 मध्ये डच शास्त्रज्ञ हायगन्सने स्प्रिंगवर चालणारं घड्याळ जाहीर केलं. हूक भडकला, कारण ही कल्पना आपल्याला आधीच सुचली होती असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी त्याने एक गंमत केली. स्प्रिंगबद्दलचा आपला नियम लॅटिनमध्ये लिहिला आणि त्यातली 14 अक्षरं वर्णानुक्रमे लावून नुसती तीच छापली. वाचणाऱ्याला काहीच कळू नये, पण उद्या कुणी हाच नियम मांडला तर आपण आधी होतो हे दाखवता यावं. आपण सॉफ्टवेअरवाले मूळ मजकूर न दाखवता त्याचा हॅश आधी जाहीर करतो, तसाच हा प्रकार.

1678 मध्ये त्याने कोडं उलगडलं. नियम एवढाच: स्प्रिंग जितकी ताणली जाते, तितकंच तिचं परत ओढणारं बल वाढतं. 5 किलोला स्प्रिंग 2 सेंटीमीटर लांबत असेल, तर 10 किलोला 4 सेंटीमीटर. म्हणून काट्यावरच्या रेघा सारख्या अंतरावर असतात. हूकने हे लांब तारा आणि गुंडाळलेल्या स्प्रिंगांना वजनं टांगून, मोजून दाखवलं होतं.

याला मर्यादाही आहे. पेलवेल त्यापेक्षा जास्त ओझं टांगलं की स्प्रिंग पूर्ववत होत नाही आणि रिकाम्या काट्याची सुई शून्यावर येत नाही. आजी तेच तपासायची.

जे हातातून गेलं

अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात गुरुत्वाकर्षण कमी होतं, हेही हूकने न्यूटनला पत्रातून कळवलं होतं. पण त्यावरून ग्रहांच्या कक्षा गणिताने सिद्ध करणं त्याला जमलं नाही. ते न्यूटनने केलं आणि 1687 मध्ये 'प्रिन्सिपिया' छापून आलं. हूकला वाटलं, आपलं श्रेय गेलं. न्यूटनने चिडून पुस्तकातले हूकचे उल्लेखच कमी केले. 1703 मध्ये हूक वारला आणि त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. हूकचं खात्रीलायक म्हणावं असं एकही चित्र आज उरलेलं नाही.

मला वाटतं, हूकवर थोडा अन्याय झाला, पण सगळाच नाही. स्प्रिंगचा नियम त्याने मोजून दाखवला, म्हणून त्यावर त्याचं नाव टिकलं. गुरुत्वाकर्षणाची कल्पना होती, सिद्धता नव्हती.

तुमच्या खिशात

मोबाईल आडवा केला की स्क्रीन फिरते, त्यामागे अ‍ॅक्सेलरोमीटर नावाची चिप असते. तिच्यात सिलिकॉनचं एक अतिसूक्ष्म वजन सिलिकॉनच्याच बारीक स्प्रिंगांवर लटकवलेलं असतं. फोन हलला की वजन किंचित सरकतं. किती सरकलं हे चिप विजेच्या साहाय्याने मोजते. सरकण्यावरून हूकच्या नियमाने बल कळतं आणि बलाला वस्तुमानाने भागलं की न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने त्वरण. फोन स्थिर असला तरी गुरुत्वाकर्षणामुळे स्प्रिंग ताणलेलीच असते, म्हणून खाली कुठे हे त्याला कळतं. आयुष्यभर भांडलेले दोघं या चिपमध्ये एकत्र काम करतात.

फोनच्या चिपलाही शून्य ठरवून द्यावं लागतं, त्यालाच आपण कॅलिब्रेशन म्हणतो. तेव्हा पुढच्या वेळी स्प्रिंगच्या काट्यावर काही तोलून घ्याल, तर आधी रिकामा काटा बघा.