कार्ल टर्झागी: पायाखालच्या मातीचं गणित मांडणारा इंजिनिअर

फोन घेताना आपण प्रोसेसर, रॅम, बॅटरी सगळं तपासतो. घर बांधताना मात्र टाइल्स आणि रंग बघतो. खाली माती कोणती आहे, हे क्वचितच कोणी विचारतं. हा प्रश्न ज्याने आयुष्यभर विचारला, त्या माणसाची ही गोष्ट.

कार्ल टर्झागीचा जन्म १८८३ मध्ये प्रागमध्ये झाला. ग्राझला तो मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकला, पण मन रमलं भूगर्भशास्त्रात. त्या काळी पाया म्हणजे अनुभव आणि अंदाज. इमारत का खचली, हे कोणाला नीट सांगता यायचं नाही. उत्तर शोधायला तो १९१२ मध्ये अमेरिकेतल्या धरणांच्या साइटवर फिरला. माहिती ढीगभर मिळाली, नियम एकही सापडला नाही. हात हलवत परत आला.

१९१६ मध्ये तो इस्तंबूलला शिकवायला गेला. महागडी लॅब नव्हती, म्हणून सिगारच्या रिकाम्या खोक्यांसारख्या वस्तूंपासून त्याने उपकरणं बनवली आणि मातीवर दाब देऊन मोजमापं घेत राहिला. १९२३ मध्ये उत्तर हाती आलं.

ते सोपं करून सांगतो. पाण्याने भरलेली सिरिंज घ्या, आत एक स्प्रिंग आहे समजा. दट्ट्या दाबला की आधी सगळा भार पाणी घेतं. बारीक छिद्रातून पाणी हळूहळू बाहेर जातं, तसा भार स्प्रिंगवर येतो आणि दट्ट्या खाली बसतो. मातीचे कण म्हणजे ती स्प्रिंग. चिकणमातीत छिद्रं फारच बारीक, त्यामुळे इमारत वर्षानुवर्षं खचत राहू शकते.

१९२५ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि मृदा यांत्रिकी हे नवं शास्त्र उभं राहिलं. त्याच वर्षी तो अमेरिकेत एमआयटीत गेला, १९२९ मध्ये व्हिएन्नाला परतला. तिथे प्राध्यापक फिलुंगर यांनी त्याच्या सिद्धांतावर जाहीर हल्ला चढवला. चौकशी समितीने टर्झागीची बाजू बरोबर ठरवली. त्यानंतर १९३७ मध्ये फिलुंगर आणि त्यांच्या पत्नीने आत्महत्या केली. गणिताच्या वादाचा असा शेवट वाचून मी तरी सुन्न झालो.

१९३८ मध्ये तो हार्वर्डला गेला आणि १९६३ मध्ये वारला. कॅनडातल्या एका धरणाला आज त्याचं नाव आहे.

आता आपल्या पुसदकडे या. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणजे सिरिंज दोन्ही दिशांनी चालू! घरामागे वर्क फ्रॉम होमसाठी उष्णतारोधक खोली बांधायचा विचार माझ्या डोक्यात आहे, म्हणून मी हे वाचायला घेतलं. अशी खोली हलकी असते. हलकं बांधकाम चालेल कशावरही, असं वाटतं ना? उलट आहे. जड इमारत फुगणाऱ्या मातीला थोडंफार दाबून धरते, हलकी खोली मात्र सरळ उचलली जाते आणि फरशी तडकते.

म्हणून काळी माती शक्य तितकी काढा. तिथे मुरूम थराथराने टाका, पाणी मारून धुमसने ठोका. वर गिट्टीचं काँक्रीट, मग ओल अडवणारा प्लास्टिकचा कागद, मग जास्त घनतेचा इन्सुलेशन बोर्ड आणि शेवटी फरशी. जोतं उंच ठेवा. भोवती बाहेर उताराची पट्टी करा, म्हणजे पाणी पायाशी मुरणार नाही. काळा थर खोल असेल तर रुरकीच्या सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटने विकसित केलेले, तळाशी फुगीर असलेले पाइल वापरतात. ते साधारण साडेतीन मीटर खाली जातात, जिथे ओलावा फारसा बदलत नाही. त्यासाठी इंजिनिअरला जागा दाखवाच.

माती तपासायचा खर्च, तडकलेली फरशी पुन्हा बसवायच्या खर्चापेक्षा कमीच असतो.