यंत्रांचा शिल्पकार, बालभाषेचा अभ्यासक

यंत्राला शिकता येईल काय, हा प्रश्न आज डोंबिवलीहून मुंबईला निघालेल्या लोकलच्या डब्यातही चर्चिला जातो. मुंबईत अनेक दशकांपूर्वी या प्रश्नाचा गांभीर्याने पाठपुरावा करणारे शास्त्रज्ञ म्हणजे प्रा. रंगस्वामी नरसिंहन.

१९२६ साली मद्रास येथे जन्मलेल्या नरसिंहन यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि अमेरिकेत गणितात डॉक्टरेट मिळवली. १९५४ मध्ये ते डॉ. होमी भाभा यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. संगणक बांधण्याचा अनुभव नसलेल्या तरुण अभियंत्यांना हाताशी धरून त्यांनी ‘टिफ्रॅक’ हा भारतीय बनावटीचा अंकीय संगणक सिद्ध केला. १९६० मध्ये तो कार्यान्वित झाला. सुमारे २७०० निर्वात नळ्यांच्या या अवाढव्य यंत्राच्या स्मृतीत जेमतेम २०४८ संख्या मावत.

त्यानंतर अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात, अणुकणांच्या मार्गांची छायाचित्रे यंत्राकडून वाचून घेण्याच्या प्रकल्पावर त्यांनी काम केले. चित्राला नुसते नाव देणे म्हणजे ते ओळखणे नव्हे, त्यातील घटकांचे परस्परसंबंधही यंत्राला सांगता आले पाहिजेत, असा विचार त्यांनी मांडला. येथूनच त्यांची वाट भाषेकडे वळली.

मूल बोलायला कसे शिकते, हे जाणल्याशिवाय बुद्धिमान यंत्राचा विचार अपुरा राहील, अशी त्यांची धारणा होती. आर. वैद्यनाथन यांच्यासह त्यांनी एका तमिळभाषक बालकाचे, नवव्या महिन्यापासून तेहतिसाव्या महिन्यापर्यंतचे, घरातील मोठ्या माणसांशी होणारे बोलणे ध्वनिमुद्रित केले. ही सामग्री आजही जगभरच्या संशोधकांना उपलब्ध आहे. ‘मॉडेलिंग लँग्वेज बिहेविअर’ (१९८१) या ग्रंथात त्यांनी भाषेकडे व्याकरणाच्या नियमांपेक्षा वर्तन म्हणून पाहिले.

कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्षपद आणि ‘सीएमसी’ या सरकारी कंपनीचे पहिले चेअरमनपद त्यांनी भूषवले. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री किताब मिळाला. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले.

आजची भाषायंत्रे अफाट लिखित मजकुरावर पोसली जातात. मूल मात्र अक्षरओळख होण्याआधीच, हट्ट करत, बोट दाखवत, आईच्या प्रश्नांना उत्तरे देत बोलू लागते. या दोन प्रकारच्या शिकण्यांत नेमके अंतर किती, याचा उलगडा अद्याप झालेला नाही. तो करू पाहणाऱ्यांना नरसिंहन यांच्या कामाकडे वळावेच लागेल.