घटक ४ : कृष्णशास्त्री चिपळूणकर – चरित्र आणि कथांतराचे कार्य

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्या जीवनाची व ग्रंथकार्याची ओळख करून देता येईल.
• परभाषेतील कथा मराठीत आणताना भाषेच्या पातळीवर काय घडते, हे सांगता येईल.
• रंजनासाठी केलेले वाचन आणि अभ्यास यांतील नाते स्वतःच्या अनुभवातून तपासता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, बीड जिल्ह्यातील संपर्कसत्रांत एक प्रश्न मला वरचेवर ऐकावा लागतो. काही वर्षांपूर्वी गेवराई तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने तो फार संकोचाने विचारला होता. मुलीसाठी वाचनालयातून आणलेली हॅरी पॉटरची मराठी पुस्तके ती स्वतःच रात्री जागून वाचत असे. त्यात तिला आनंद मिळत होता. पण आपण अभ्यासाचा वेळ वाया घालवतो, अशी टोचणीही लागली होती. जादूच्या गोष्टी, त्याही दुसऱ्या भाषेतून आलेल्या, यांचे वाचन मराठीच्या विद्यार्थ्याने अभ्यासात धरावे काय, असा तिचा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर एका चरित्रातून मिळते. न्याय, अलंकार आणि धर्मशास्त्र यांत निष्णात असलेल्या एका पंडिताने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी जादूगार, राक्षस आणि समुद्रसफरी यांच्या गोष्टी मराठीत आणल्या. ते पंडित म्हणजे कृष्णशास्त्री हरी चिपळूणकर.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ शिक्षण आणि नवी भाषा

कृष्णशास्त्रींचा जन्म १८२४ मध्ये पुण्यात झाला. पेशवाई संपून सहाच वर्षे झाली होती. जुनी विद्या अजून प्रतिष्ठित होती. तथापि तिच्या आधाराने उपजीविका होईल याची शाश्वती उरली नव्हती. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेत त्यांचे शिक्षण झाले. त्यांची बुद्धी इतकी तल्लख होती, की विद्यार्थिदशेतच त्यांना बृहस्पती म्हटले जाई.

यापुढचा टप्पा तुम्ही विशेष लक्षपूर्वक वाचा. विशी उलटल्यावर, शास्त्री म्हणून नाव झाल्यानंतर, ते इंग्रजी शिकू लागले. ज्या वयात इतर पंडित शिकवण्यास बसत, त्या वयात हा गृहस्थ परक्या भाषेची मुळाक्षरे गिरवत होता. नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना या पावलाची किंमत वेगळी सांगण्याची गरज नाही.

४.३.२ भाषांतरकार आणि शिक्षक

इंग्रजी आल्यावर सरकारी शिक्षणकार्याची दारे उघडली. मेजर टॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली मराठी पाठ्यपुस्तके तयार होत होती. मराठी गद्यात विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय कँडींना दिले जाते. छापील मराठी गद्य अजून घडत होते, हे यावरून तुमच्या लक्षात येईल. कृष्णशास्त्रींनी या काळात भाषांतरकार आणि अध्यापक म्हणून काम केले. पुढे ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख झाले. ‘शालापत्रक’ या शिक्षणविषयक नियतकालिकाचे संपादनही त्यांनी केले.

त्यांच्या ग्रंथांची विविधता थक्क करणारी आहे. १८५२ मध्ये सॉक्रेटिसाचे चरित्र, १८५५ मध्ये ‘अर्थशास्त्रपरिभाषा’, १८६१ मध्ये ‘अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह’ आणि १८६५ मध्ये ‘पद्यरत्नावली’ हे त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. कालिदासाच्या ‘मेघदूता’चा त्यांनी पद्यानुवाद केला. ‘शालापत्रका’तून त्यांनी मराठी व्याकरणावर निबंध लिहिले, त्यांचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर निघाले. अर्थशास्त्र असो वा व्याकरण, जी कल्पना मराठीत नव्हती तिच्यासाठी शब्द घडवणे किंवा असलेल्या शब्दाला नवा अर्थ देणे, हे त्यांचे नित्याचे काम होते.

४.३.३ अरबी भाषेतील गोष्टी

याच लेखणीने १८६१ पासून ‘अरबी भाषेतील सुरस आणि चमत्कारिक गोष्टी’ भागाभागांनी मराठीत येऊ लागल्या. पुढील भागांच्या कामाला पुत्र विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांचा हातभार लागला.

ग्रंथनामात अरबी भाषेचा उल्लेख असला, तरी या गोष्टी मराठीत आल्या त्या इंग्रजीच्या वाटेने. त्याआधीचा त्यांचा प्रवासही सरळ नाही. आंत्वान गालाँ या फ्रेंच विद्वानाने १७०४ ते १७१७ या काळात त्यांचे फ्रेंच रूप १२ खंडांत प्रसिद्ध केले आणि त्यावरून त्या युरोपभर पसरल्या. अल्लादीन आणि अलीबाबा या सर्वांत प्रसिद्ध गोष्टी मूळ अरबी हस्तलिखितात नव्हत्या. हलब शहरातील हन्ना दियाब या कथेकऱ्याकडून गालाँने त्या ऐकल्या होत्या. ज्या कथा आपण मूळ समजतो, त्याही कोणीतरी नव्याने सांगितलेल्याच असतात, हे यावरून दिसते.

आता ग्रंथनामातील दोन विशेषणे पाहा. आज आपण ‘चमत्कारिक’ हा शब्द विचित्र किंवा विक्षिप्त या अर्थाने वापरतो. अलंकारशास्त्रात मात्र काव्य वाचताना मनाला होणाऱ्या विस्मययुक्त आनंदाला ‘चमत्कार’ म्हटले आहे, आणि ‘सुरस’ या शब्दातही रसविचार आहेच. कृष्णशास्त्री अलंकारशास्त्राचे जाणकार होते. हा संदर्भ ध्यानात ठेवला, तर परदेशी जादूकथांना लावलेली ही विशेषणे काव्यचर्चेच्या घरातील आहेत, असे दिसून येते. रंजन ही हलकी गोष्ट मानली, तर ही शब्दयोजना अनाकलनीय ठरते.

या गोष्टी मराठी वाचकाला परक्या का वाटल्या नसाव्यात? याची दोन कारणे सांगता येतील. पहिले कारण रचनेचे आहे. मृत्यू टाळण्यासाठी शहरजाद रोज रात्री गोष्ट सांगते आणि एका गोष्टीच्या पोटातून दुसरी निघते. ‘वेताळपंचविशी’, ‘सिंहासनबत्तिशी’, ‘शुकबहात्तरी’ आणि ‘पंचतंत्र’ यांच्या श्रोत्याला ही रचना परिचित होती. दुसरे कारण शब्दांचे आहे. बादशहा, वजीर, सौदागर, खजिना, जादू हे शब्द शतकानुशतकांच्या सहवासाने आधीच मराठी झाले होते. तुमच्या बाबतीत तर ही जवळीक अधिक आहे. त्या काळी बीडचा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि कारभाराची भाषा आधी फारसी, पुढे उर्दू होती. बीड शहराजवळच्या खजाना बावडीचे नाव घेताना आपण परकी भाषा बोलतो, असे तुम्हांला वाटते काय? कथा दुरून आली, पण तिचे शब्द घरात वाट पाहत होते.

मराठीत नवी गद्यकथा जन्म घेत होती तो हाच काळ. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये आणि लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘मुक्तामाले’पासून पुढे अद्भुतरम्य कादंबऱ्यांची एक परंपराच निर्माण झाली. नंतरच्या टीकाकारांनी या कादंबऱ्यांना असंभाव्यतेचा दोष दिला आणि तो पुष्कळसा खरा आहे. परंतु त्यांच्या निमित्ताने मराठी माणूस छापील गद्य पुस्तक एकट्याने, केवळ आवडीपोटी वाचू लागला, हा लाभही त्याच खात्यात मांडला पाहिजे.

४.३.४ ‘रासेलस’ : पिता आणि पुत्र

सॅम्युअल जॉन्सनची ‘रासेलस’ ही १७५९ मधील कथा १८७३ मध्ये मराठीत आली. सुखाच्या दरीत वाढलेला राजपुत्र खऱ्या सुखाच्या शोधात बाहेर पडतो, असे तिचे कथानक आहे. हे भाषांतर पिता-पुत्रांनी मिळून केले. पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, विष्णुशास्त्रींनी ‘निबंधमाला’ सुरू केली. पित्याने सरकारी सेवेत राहून संयमाने ज्ञान पोचवले. पुत्राची लेखणी आक्रमक आणि राज्यकर्त्यांवर प्रहार करणारी झाली. दोघांच्या वृत्तीत अंतर होते. तरीही ‘निबंधमाले’तील गद्याच्या पूर्वतयारीत या भाषांतराच्या मेहनतीचा वाटा धरावा लागतो. १८७८ मध्ये कृष्णशास्त्रींचे निधन झाले. त्यानंतर चारच वर्षांनी, १८८२ मध्ये, विष्णुशास्त्रीही गेले.

४.३.५ परंपरा : मागची आणि पुढची

परक्या भाषेतील थोर गोष्ट आपल्या माणसाला कळेल अशी पुन्हा सांगावी, ही वृत्ती कृष्णशास्त्रींपासून सुरू झाली नाही. आद्यकवी मानले जाणारे मुकुंदराज यांची समाधी तुमच्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईत दाखवली जाते. त्यांनी ‘विवेकसिंधु’त वेदान्त मराठीत आणला. त्याच गावच्या दासोपंतांनी गीतेचा अर्थ सांगण्यासाठी ‘गीतार्णव’ हा प्रचंड ओवीग्रंथ रचला. विषय आणि हेतू निराळे असले, तरी आपल्या भाषेवरचा विश्वास एकच आहे.

पुढे भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांना किशोरांसाठी मराठी रूप दिले. गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी ग्रंथावरून ‘अरेबियन नाइट्स’चे १६ खंड मराठीत आणले. शास्त्रीबोवांनंतर शतकाने तीच कथा पुन्हा सांगावीशी वाटली, याचे कारण प्रत्येक पिढीची भाषा आणि धीटपणा वेगळा असतो. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाच्या मराठी नावात ‘परीस’ हा शब्द आला, तोही याच परंपरेने. संतांच्या अभंगांतून आलेला शब्द इंग्रज मुलाच्या गोष्टीला चपखल बसला.

४.४ सारांश

कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी प्रौढ वयात नवी भाषा शिकून शास्त्र, चरित्र, काव्य आणि कथा मराठीत आणल्या. त्यांच्या कथांतरामुळे मराठी गद्याला वाचक मिळण्यास मदत झाली. त्या विद्यार्थिनीला मी दिलेले उत्तर तुम्हांलाही लागू आहे. आनंदाने वाचा, मात्र पुस्तक मिटल्यावर एखाद्या शब्दापाशी थांबून तो येथे कसा आला, असे स्वतःला विचारा. तेथून अभ्यास सुरू होतो. त्यासाठी आनंद सोडावा लागत नाही.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. कृष्णशास्त्रींच्या ग्रंथकार्यातील विविधता सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘चमत्कारिक’ या शब्दाच्या अर्थात झालेला बदल सांगा. असा अर्थबदल झालेले आणखी तीन शब्द शोधा.
३. अरबी गोष्टी मराठी वाचकाला परक्या न वाटण्याची कारणे लिहा.

क्षेत्रीय कार्य : तुमच्या घरातील किंवा गावातील वयस्क व्यक्तीकडून एक अद्भुत गोष्ट ऐका व तिच्याच बोलीत लिहून काढा. नंतर ती आजच्या १२ वर्षांच्या मुलासाठी नव्याने लिहा. दुसऱ्या लेखनात तुम्ही काय वगळले, काय बदलले आणि का, याची नोंद करून ती संपर्कसत्रात सोबत आणा.