'जय भीम' देणारे बाबू हरदास



विहाराची पायरी चढताना आपल्या तोंडात पहिला शब्द येतो तो जय भीम. लग्नात, मयतीत, फोनवरसुद्धा जय भीम. पण हा शब्द आपल्याला कुणी दिला असं विचारलं, तर वस्तीतली बरीचशी पोरं गप्प बसतात. म्हणून हा लेखप्रपंच.

हरदास लक्ष्मणराव नगराळे, म्हणजेच बाबू हरदास एल. एन., यांचा जन्म ६ जानेवारी १९०४ रोजी नागपूरजवळच्या कामठी येथे महार कुटुंबात झाला. वडील रेल्वेत कारकून होते. नागपूरच्या पटवर्धन हायस्कूलमधून हरदास मॅट्रिक झाले. १९२१ साली, वय अवघे सतरा असताना, त्यांनी 'महारठ्ठा' हे साप्ताहिक काढले. विडी कामगारांना ठेकेदार लुबाडतात हे पाहून त्यांनी त्यांची एकजूट केली. १९२७ साली कामठीत रात्रशाळा सुरू केली. चोखामेळ्याच्या नावाने वाचनालय काढले.

त्या काळी आपली माणसं जोहार घालायची, नाहीतर रामराम करायची. जोहार म्हणजे कमरेत वाकणं आलंच. मुसलमान बांधव मात्र एकमेकांना सलाम आलेकुम, वालेकुम सलाम करतात, हे हरदासांनी हेरलं. तसा स्वाभिमानाचा नमस्कार आपलाही असावा, असं त्यांच्या मनानं घेतलं. बाबासाहेबांच्या भीमराव या नावातून जय भीम आलं. एकानं जय भीम म्हणावं आणि दुसऱ्यानं बल भीम, अशी मूळची कल्पना होती. पुढं बल भीम मागं पडलं आणि दोन्हीकडून जय भीमच रूढ झालं. बघा, यात वरचा कोण आणि खालचा कोण हा प्रश्नच उरला नाही.

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत हरदास मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले. पण क्षयानं शरीर पोखरलं होतं. १२ जानेवारी १९३९ रोजी, पस्तीस वर्षे पुरी होऊन सहाच दिवस झाले असताना, त्यांचे निधन झाले. कामठीच्या कन्हान नदीकाठी त्यांची समाधी आहे. दर जानेवारीत तिथे लोक जमतात.

एक गोष्ट कबूल करतो. मिलमध्ये नवीन लागलो तेव्हा खात्यात सगळ्यांसमोर जय भीम म्हणायला मी कचरायचो. एकदा माझ्या जुन्या जोडीदारानं खणखणीत जय भीम घातला आणि मी नुसती मान हलवून मशीनकडे वळलो. तो काही बोलला नाही. पुढे हरदासांचं चरित्र वाचलं, तेव्हा तो प्रसंग आठवून मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी पाळीवर मीच आधी जय भीम घातला.

आयाबायांनो, पोरांना जय भीम शिकवताना त्यांना हरदासांचं नावही सांगा. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!

जय भीम! नमो बुद्धाय!