एकदा मिळालेलं तारण पुन्हा गमावता येतं का? या एका प्रश्नावरून जॉन वेस्लींचा जवळचा मित्र दुरावला होता

१ फेब्रुवारी १७४१. रविवारचा दिवस.

लंडनमध्ये फाउंडरी नावाची एक इमारत होती. आधी तिथं तोफा ओतायचा कारखाना होता, आता प्रार्थना आणि प्रवचनं चालायची. त्या दिवशी दारातच आलेल्या लोकांच्या हातात एक छापील पत्र दिलं जात होतं. पत्र लिहिणारे होते जॉर्ज व्हिटफील्ड, त्या काळातले इंग्लंडचे सगळ्यात गाजलेले प्रवचनकार. आणि ते ज्यांना लिहिलं होतं, ते जॉन वेस्ली आत प्रवचन द्यायला उभे होते.

पत्र खासगी होतं. दोघांपैकी कुणालाही न विचारता ते छापलं गेलं होतं.

प्रवचन संपल्यावर वेस्लींनी एक प्रत हातात घेतली. झाला प्रकार लोकांना सांगितला. व्हिटफील्ड इथं असते तर त्यांनी जे केलं असतं तेच मी करतो, असं सांगून त्यांनी सगळ्यांसमोर त्या पत्राचे तुकडे केले. समोर बसलेल्यांनीही आपापल्या प्रती फाडल्या. दोन मिनिटांत एकही प्रत अखंड उरली नाही.

पत्र संपलं, पण त्यामागचा प्रश्न मात्र तसाच राहिला. देवानं एकदा माणसाचं तारण केलं की ते कायमचं असतं, की माणूस ते पुन्हा गमावू शकतो?

आधी हा वाद नेमका काय आहे ते समजून घेऊ

ख्रिस्ती श्रद्धेनुसार माणूस पापी आहे आणि स्वतःच्या बळावर त्यातून सुटू शकत नाही. येशू ख्रिस्तानं क्रूसावर प्राण देऊन त्या पापाची किंमत चुकवली. जो त्याच्यावर विश्वास ठेवतो त्याला क्षमा आणि सार्वकालिक जीवन मिळतं. यालाच तारण म्हणतात.

इथपर्यंत वेस्ली आणि व्हिटफील्ड यांचं एकमत होतं. भांडण पुढच्या पायरीवर होतं.

व्हिटफील्ड हे जॉन कॅल्विन यांच्या विचारांचे. त्यांचं म्हणणं असं की, कुणाला तारायचं हे देवानं आधीच ठरवलेलं आहे. ज्याला त्यानं खरोखर धरलं, त्याला तो शेवटपर्यंत सोडत नाही. असा माणूस अडखळेल, पडेल, पण पश्चात्ताप करून परत येईलच. आणि जो कायमचा निघून गेला, त्याचं तारण मुळात झालंच नव्हतं.

वेस्लींना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते देवाची कृपा सगळ्यांसाठी खुली आहे. माणूस ती स्वीकारू शकतो, नाकारू शकतो आणि स्वीकारल्यानंतर सोडूनही देऊ शकतो. म्हणून विश्वास ठेवणाऱ्यालाही रोज जागं राहावं लागतं, रोज पश्चात्ताप करावा लागतो.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर, गळ्यात माळ घातली त्या दिवशी माणूस वारकरी झाला, की ती रोज पाळतो म्हणून तो वारकरी आहे? तुलना तंतोतंत नाही, पण गाठ अशाच ठिकाणी बसली होती.

गुरुवारची संध्याकाळ

जॉन वेस्लींचा जन्म १७०३ सालचा, इंग्लंडमधल्या लिंकनशायर भागात एपवर्थ या गावातला. वडील सॅम्युअल हे तिथल्या चर्चचे धर्मगुरू. आई सुझाना यांना १९ मुलं झाली. त्यातली जवळपास निम्मी लहानपणीच गेली.

१७०९ च्या फेब्रुवारीत रात्री घराला आग लागली. सगळे बाहेर पडले, पाच वर्षांचा जॉन वरच्या खोलीत अडकला. शेजारी एकमेकांच्या खांद्यावर चढले आणि त्यांनी त्याला खिडकीतून बाहेर काढलं. देवानं आपल्याला आगीतून ओढून काढलं ते काहीतरी कामासाठी, ही भावना वेस्लींच्या मनात आयुष्यभर राहिली.

पण त्याहून महत्त्वाची आहे आईची एक सवय. सुझाना यांनी प्रत्येक मुलासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ राखून ठेवली होती. त्या वेळी त्या एकट्या त्या मुलाशी बोलायच्या, मनात काय चाललंय ते विचारायच्या. जॉनचा वार गुरुवार होता. ही गुरुवारची संध्याकाळ लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

सगळे नियम पाळले, तरी खात्री नाही

१७२० मध्ये वेस्ली ऑक्सफर्डला गेले. पुढे तिथंच लिंकन कॉलेजमध्ये फेलो झाले, धर्मगुरूपदाची दीक्षाही घेतली. धाकटा भाऊ चार्ल्स आणि काही मित्रांसोबत त्यांचा एक गट जमला. ठरलेल्या वेळी प्रार्थना, उपास, तुरुंगातल्या कैद्यांना भेटी, सगळं काटेकोर. इतकं पद्धतशीर जगणं बघून बाकीची पोरं त्यांना चिडवायला मेथडिस्ट म्हणू लागली. हेच नाव पुढे चिकटलं.

याच गटात व्हिटफील्ड आले. ग्लॉस्टरच्या एका खानावळवाल्या घरातला हा मुलगा श्रीमंत विद्यार्थ्यांची कामं करून शिकत होता. वेस्लींपेक्षा अकरा वर्षांनी लहान. वेस्लींना तो गुरुस्थानी मानायचा.

१७३५ मध्ये वेस्ली अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीत धर्मप्रचाराला निघाले. वाटेत समुद्रात मोठं वादळ झालं. वेस्ली मरणाच्या भीतीनं गळून गेले. त्याच जहाजावर मोरेव्हियन पंथाचे जर्मन लोक होते, बायका-मुलांसकट. ते शांतपणे भजनं गात राहिले. आपल्याकडे सगळे नियम आहेत, पण यांच्याकडे असलेली खात्री नाही, हे वेस्लींना तिथं कळून चुकलं.

जॉर्जियातही सगळं फसलं. ज्या मुलीवर जीव होता तिनं दुसऱ्याशी लग्न केलं. नंतर वेस्लींनी तिला प्रभुभोजन नाकारलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि १७३७ च्या डिसेंबरमध्ये त्यांना तिथून अक्षरशः निसटावं लागलं.

मग आला २४ मे १७३८. लंडनच्या अल्डर्सगेट स्ट्रीटवर एका छोट्या सभेला वेस्ली फारशी इच्छा नसताना गेले. तिथं कुणीतरी रोमकरांस पत्राला मार्टिन ल्यूथर यांनी लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं. रात्री पावणेनऊच्या सुमारास ते ऐकता ऐकता वेस्लींच्या मनात एक वेगळीच ऊब दाटून आली. ख्रिस्तानं माझंही पाप घेतलं, ही खात्री त्यांना पहिल्यांदा वाटली.

एखाद्या सिनेमात गोष्ट इथं संपली असती. प्रत्यक्षात मात्र आठच महिन्यांनी, जानेवारी १७३९ मध्ये, याच माणसानं लिहून ठेवलं की आपण ख्रिस्ती नाही आहोत. कारण ख्रिस्ती माणसाच्या मनात जे प्रेम आणि जी शांती असायला हवी, ती त्यांना स्वतःमध्ये सापडत नव्हती.

थोडक्यात काय, तर तारण कायमचं असतं का, हा वेस्लींसाठी पुस्तकातला प्रश्न नव्हता. तो त्यांच्या छातीत रुतलेला काटा होता.

मैत्री तुटली कशी?

१७३९ मध्ये व्हिटफील्ड ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडमध्ये कोळसा खाणीतल्या मजुरांना उघड्यावर प्रवचनं देत होते. गर्दी आवरेना, तेव्हा त्यांनी वेस्लींना बोलावून घेतलं. चर्चच्या बाहेर प्रवचन देणं वेस्लींना कसंसंच वाटायचं. तरी २ एप्रिलला ते उघड्यावर उभे राहिले. समोर सुमारे ३ हजार लोक होते.

त्याच महिन्यात त्यांनी देवाच्या पूर्वनियोजनाविरुद्ध, म्हणजे व्हिटफील्ड यांच्या मताविरुद्ध प्रवचन दिलं. ते छापायचं का, यासाठी चक्क चिठ्ठी टाकली. कौल छापण्याचा निघाला. हे छापू नका, अशी विनंती व्हिटफील्ड यांनी पत्रातून केली होती. ते अमेरिकेला निघून गेल्यावर वेस्लींनी ते छापलंच.

दोघांचेही मुद्दे आजही विचार करायला लावतात.

वेस्लींचा मुद्दा असा: सगळं आधीच ठरलंय आणि निवडलेला माणूस कधीच हरवणार नाही, तर मग उपदेश कशाला? बायबल विश्वासणाऱ्यांना पुन्हा पुन्हा सावध राहायला का सांगतं? शिवाय आपण सुरक्षितच आहोत म्हणून लोक वाट्टेल तसं वागतील, त्याचं काय?

व्हिटफील्ड यांचं उत्तरही तितकंच वजनदार होतं: तारण माझ्या पकडीवर अवलंबून असेल, तर ते देवाची कृपा कसं? ते माझंच कर्तृत्व झालं. आणि उद्या आपण हरवू या धास्तीत जगणारा माणूस प्रेमानं नाही, भीतीनं सेवा करेल. पवित्र जगण्याची सूट ते कुणालाच देत नव्हते. त्यांच्या लेखी पश्चात्ताप आवश्यकच होता, पण तो देवानं धरून ठेवल्याची खूण होती.

१७४१ मध्ये इंग्लंडला परतल्यावर व्हिटफील्ड यांनी वेस्लींना स्पष्ट सांगितलं की आपण दोघं वेगवेगळी सुवार्ता सांगतोय, हात मिळवता येणार नाही. मेथडिस्ट चळवळीचे दोन भाग झाले.

कर्जफेडीसाठी निघाली युक्ती

वेस्लींनी पुढे काय केलं, ते त्यांच्या युक्तिवादापेक्षा जास्त टिकलं.

१७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहावर कर्ज होतं. एका कप्तानानं सुचवलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी, बारा-बारा जणांचे गट करावेत आणि गटप्रमुखानं घरोघरी जाऊन पैसे गोळा करावेत. आपल्या भिशीसारखाच प्रकार. पण घरोघरी फिरताना गटप्रमुखांना इतर गोष्टीही दिसू लागल्या. कुणी दारू पिऊन पडलेला, कुणाच्या घरात मारझोड.

वेस्लींना जे हवं होतं ते इथं मिळालं. पेनीच्या निमित्तानं दर आठवड्याला प्रत्येकाची विचारपूस होऊ लागली. मन ठीक आहे का, कुठं घसरलास, परत उभं राहायला काय मदत हवी? एपवर्थच्या घरातली गुरुवारची संध्याकाळ आता हजारो लोकांसाठी सुरू झाली होती.

नियम कडक होते. मार्च १७४३ मध्ये न्यूकॅसलच्या मंडळीतून काढलेल्या ६४ जणांची कारणं वेस्लींनी नोंदवून ठेवली आहेत. दारूबाजीसाठी १७, शिवीगाळीसाठी २, भांडण-हाणामारीसाठी ३, खोटं बोलण्याच्या सवयीसाठी ३, बायकोला मारलं म्हणून १, आळशीपणासाठी १. आणि सगळ्यात मोठा आकडा २९ जणांचा. त्यांचा गुन्हा काय, तर निष्काळजीपणा. मोठं पाप केलं म्हणून नाही, लक्ष देणं सोडलं म्हणून ते बाहेर गेले.

वेस्लींच्या मताची ताकद या यादीत दिसते आणि धोकाही. बायकोला मारणाऱ्याला जाब विचारणारी मंडळी त्या काळात उभी राहिली, ही ताकद. पण आपण पुरेसे गंभीर आहोत का, ही टांगती तलवार प्रत्येकाच्या डोक्यावर राहिली, हा धोका.

१७५५ पासून त्यांनी देवाशी केलेला करार सगळ्यांनी मिळून पुन्हा करायची उपासना सुरू केली. लंडनमधल्या पहिल्या उपासनेला सुमारे १,८०० लोक आले. आजही अनेक मेथडिस्ट चर्चमध्ये नव्या वर्षाच्या सुरुवातीला ती होते. १७६७ मध्ये त्यांनी विश्वासणाऱ्यांच्या पश्चात्तापावर स्वतंत्र प्रवचन लिहिलं. पश्चात्ताप हे फक्त आत येण्याचं दार नाही, आत आल्यावरही तो चालूच राहतो, असा त्याचा गाभा होता.

मित्राचा शेवटचा निरोप

दोघांची मनं काही वर्षांतच पुन्हा जुळली. मतं नाही जुळली. एकमेकांच्या व्यासपीठावर ते प्रवचनं देऊ लागले.

३० सप्टेंबर १७७० रोजी व्हिटफील्ड अमेरिकेत न्यूबरीपोर्ट इथं वारले. आपल्यामागे लंडनमध्ये वेस्लींनीच प्रवचन द्यावं, अशी त्यांची इच्छा होती. १८ नोव्हेंबरला वेस्लींनी ती पूर्ण केली. वादाचा मुद्दा त्यांनी बाजूला ठेवला आणि दोघांना मान्य असलेल्या गोष्टींवरच बोलले. व्हिटफील्ड यांच्या काही समर्थकांना तेही खटकलं. पुढची अनेक वर्षं दोन्ही बाजूंच्या लोकांनी पुस्तिकांमधून एकमेकांवर जहरी टीका केली. ज्यांच्या नावानं भांडण चाललं होतं ते दोघं मात्र कधीच समेट करून बसले होते.

उतारवयात वेस्ली एका बाबतीत मवाळ झाले. आधी ते म्हणायचे की क्षमा झाल्याची पक्की खात्री नसेल तर माणूस ख्रिस्तीच नाही. १७८८ मधल्या एका प्रवचनात त्यांनी मान्य केलं की सुरुवातीच्या काळात आपल्याला एक फरक समजला नव्हता. देवाला भिऊन वागणारा माणूस अजून देवाचा मुलगा झाला नसेल, पण तो देवाचा सेवक असतो. देव त्यालाही टाकून देत नाही.

खात्री हरवलेल्या माणसासाठी ही मोठी गोष्ट होती. तसा माणूस कसा असतो, हे वेस्लींना १७३९ पासून ठाऊक होतं.

२ मार्च १७९१ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी लंडनमध्ये वेस्लींचं निधन झालं. त्यांचं शेवटच्या पत्रांपैकी एक विल्यम विल्बरफोर्स यांना होतं. गुलामगिरीविरुद्धची लढाई सोडू नका, असं त्यात लिहिलं होतं.

ही गोष्ट मुंबईपर्यंत आली

१८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर हे अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक मुंबईत आले. त्यांनीही आधी चर्चच्या इमारती बांधल्या नाहीत. घराघरांत छोटे गट सुरू केले, वेस्लींच्या पद्धतीनं. मुंबईतली मेथडिस्ट मंडळी त्यातून उभी राहिली.

मूळ वाद आजही मिटलेला नाही. बरेच बॅप्टिस्ट एकदा तारण झालं की ते कायमचं, असं मानतात. मेथडिस्ट आणि बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळी म्हणतात की ते गमावता येतं. कॅथलिक चर्चमध्ये गंभीर पापानंतर पापकबुली देऊन पुन्हा कृपेत यायचा मार्ग आहे.

वेस्लींनी या प्रश्नाचा निकाल लावला नाही. पण माणूस हरवू शकतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्याला एकटं सोडून चालत नाही, एवढं त्यांनी दाखवून दिलं. दर आठवड्याला कुणीतरी दार वाजवून, कसा आहेस, असं विचारायला हवं.